डिकीत ठेवायचं खोरं

आमच्या घरात खोऱ्याचा शोध सुरू झाला तो चोपड्याला, नवऱ्याच्याच गावात, आणि त्याला कारण माझं तोंड.

नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा बरेच महिने उलटले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आता गाडी चालवा, चढण चढा, ओझं उचला, पूर्वीसारखं सगळं करा. मी ते ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. डॉक्टरांचं काय जातं? त्यांना त्याच्या शेजारी झोपून त्याचा श्वास मोजायचा नव्हता. मी त्याला पाण्याची बाल्दी उचलू देत नव्हते, स्टिअरिंगला हात लावू देत नव्हते. पोदेराचा हॉर्न वाजला की पाव आणायला फाटकापर्यंत मीच जायची, कारण आमच्या फाटकाची कडी घट्ट आहे आणि ती ओढताना जोर लागतो.

इथे मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. समोर ‘तुमी’ आणि मागे ‘तो’, ही आमच्या पिढीतल्या बायकांची सोय.

तर इस्पितळात पडल्या पडल्या त्याने ठरवलं होतं की बरा झालो की एक रात्र उघड्यावर तंबू ठोकून झोपायचं. छत बघून बघून त्याला वीट आला होता म्हणे. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने तंबू पाठवलाही. मग जागा बघायला म्हणून एका रविवारी आम्ही सर्वणच्या आमच्या घरून चोपड्याला गेलो, शापोरा नदीच्या काठी. गाडी मी चालवत होते. त्याने सांगितलं, हंय नाका, वाळू आसा. मी तेवढ्यासाठीच तिथे नेली आणि गाडीची पुढची चाकं वाळूत बसली.

बाजूला जाळी विणत बसलेली माणसं उठून आली. गावचीच, त्याला लहानपणापासून ओळखणारी. त्यांच्याबरोबर हाही सरसावला आणि बंपरला हात लावला. त्याबरोबर मी खिडकीतून डोकं काढून सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडले, “तांकां हात लावूंक दिवूं नाकात. तांचें काळजाचें ऑपरेशन जालां.”

त्याच्या शाळेतल्या एका सोबत्याने हळूच त्याचं कोपर धरलं आणि त्याला पालथ्या होडीवर नेऊन बसवलं. “बस रे, आमी आसात मगे,” म्हणाला. हा बसला. ज्या गावात याने लोकांच्या होड्या पाण्यात ओढल्या, त्या गावात पाहुण्या म्हातारीसारखा हात मांडीवर ठेवून बसला आणि बाकीच्यांनी आमची गाडी उचलून बाहेर काढली. सगळ्यांनी चांगुलपणानेच केलं. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

परतताना तो खिडकीबाहेर बघत होता. डिचोली जवळ आली तेव्हा म्हणाला, “हांव बरो जालां काय ना, तें एकदां सांग.”

मी म्हटलं, “मुखार म्हस आसा, माका गाडी चलोवंक दियात.”

म्हैस खरोखरच होती. पण ती रस्ता ओलांडून गेल्यावरही मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे. “गाडयेंत आपलें एक खोरें जाय,” मला ऐकवलं. “मागीर कोणाक आपोवपाक नाका.” म्हणजे मग कुणाला बोलवायला नको. खोरं म्हणजे फावड्याचा आमच्याकडचा भाऊ. मी मास्तरीण, तोंडात म्हणी तयार असायच्याच. म्हटलं, मोठ्या शोधाला लागलात. तर तो शांतपणे म्हणाला की तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. म्हणींची माझी खोड माझ्यावरच उलटली. आणि त्याच्या मनात काय आहे तेही मला समजलं. पुन्हा कुणी आपल्याला होडीवर नेऊन बसवू नये, एवढंच त्याला हवं होतं. मला मात्र वेगळंच सुचलं. हलकंसं, मला झेपेल असं अवजार मिळालं तर पुढच्या वेळी मीच खणीन आणि हा बसून राहील. दोघांना एकच वस्तू हवी होती, पण तिचा दांडा कोणाच्या हातात असणार हे कुणीच बोलत नव्हतं.

पहिलं खोरं आलं ते नेटवरून. घडी घालून पिशवीत मावणारं, काळंभोर, युद्धावर निघाल्यासारखं. पात्याच्या एका कडेला करवतीचे दात, मागे टोकदार चोच, दांड्यात शिट्टी, आणि दांड्याच्या बुडाला उत्तर दिशा दाखवणारा काटा. याने तो काटा अंगणात उभा राहून तपासला आणि उत्तर दिशा जिथे असायला हवी तिथेच आहे असं जाहीर केलं.

मग परीक्षा. परसात कदेल, म्हणजे खुर्ची, मांडून हा बसला आणि मी समोर खणायला. उंटावरून शेळ्या कशा हाकतात ते मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण इतका चांगला उंट कधी पाहिला नव्हता. “पांय दवर ताचेर,” म्हणे. त्याने व्हिडिओ पाहिले होते. व्हिडिओतला माणूस गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पात्याच्या खांद्यावर पाय दाबायचा आणि पातं लोण्यात शिरावं तसं जमिनीत शिरायचं. माझ्या पायात रबरी चप्पल. पाय दाबला तर पात्याची कडा चप्पल कापून तळव्याला भेटली. आपल्याकडे खणणं म्हणजे वरून घाव घालणं आणि माती आपल्याकडे ओढणं. पाय हे उभं राहायला असतात. हे परदेशी अवजार माती पुढे ढकलायला सांगत होतं, आणि माझी कंबर जन्मात तशी कधी वाकली नव्हती.

मग तो म्हणाला की पातं काटकोनात वळवता येतं, तसं केलं की आपल्या खोऱ्यासारखंच होईल. वळवलं. झालंही. चार घाव बरे बसले. पाचव्याला सांध्याची कडी सैल झाली आणि पातं मान टाकल्यागत लोंबायला लागलं. कडी पुन्हा आवळायला गेलो तर आट्यांत लाल माती जाऊन बसलेली, ती ना पुढे जाई ना मागे. त्या दिवसापासून ते घडीचं खोरं आमच्याकडे अर्धवट घडीतच आहे. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, ते बर्फासाठी असतं.

दुसरं ॲल्युमिनियमचं. उचलायला इतकं हलकं की मी खूश झाले. हा नाराज झाला, कारण हलकं म्हणजे माझं. पण आमच्या परसातल्या जांभ्या दगडाने माझी बाजू घेतली नाही. पहिल्याच घावाला पातं पत्रावळीसारखं मुडपलं. तिसरं कुंडीतली माती उकरायचं हातखुरपं, ते त्याने मला चिडवायलाच आणलं असावं. म्हणाला, गाडी रुतली तर चाकाभोवती मोगरा लावता येईल.

एक मात्र होतं. दर परीक्षेचा एक खड्डा परसात उरायचा. खड्डा उघडा ठेवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून एकात मी केळ लावली, एकात अळू, एकात सुरणाचा कांदा पुरला. शेजारीण विचारायची, यंदा बाग करताय वाटतं? मी म्हणायची, नाही, गाडीची तयारी चाललीय. तिने पुन्हा विचारलं नाही.

चौथं डिचोलीच्या बाजारातलं, आपलं साधं, लोखंडी, माणसाच्या छातीएवढ्या दांड्याचं. खणायला उत्तम. फक्त ते डिकीत मावेना. तिरपं घातलं, उभं घातलं, मागची सीट पाडली. शेवटी पातं डिकीत आणि दांडा दोन सीटांच्या मधून पुढे, असं जमलं. गाडी चालवताना ब्रेक मारला की दांड्याचं टोक माझ्या कानाला काहीतरी सांगायला यायचं. शिवाय याच्या लक्षात आलं की गाडीखाली एवढा लांब दांडा हलणार कसा? चाकापुढची माती काढायची तर उकिडवं बसून, आखूड दांड्याने, आडवं ओढून काढायला पाहिजे. दांडा फिरवायला जागा नसते तिथे. हे तो चाकापाशी गुडघ्यावर बसून मला समजावत होता आणि मी समजून घ्यायचं सोडून, याला दम लागतोय का ते बघत होते.

त्याच वेळी त्याने खोरं जमिनीवर आपटलं, दांडा उलटा, पातं वर. दोन ठोक्यांत पातं सैल होऊन हातात आलं. दांडा वेगळा, पातं वेगळं. दांडा खालून बारीक आणि वर जाड, पात्याच्या भोकात वरून घातला की प्रत्येक घावाला आपोआप आवळत जाणारा. म्हणजे आमचं खोरं कधीपासून सुटं होतंच, फक्त त्याला कुणी पोर्टेबल म्हटलं नव्हतं. डोंगर पोखरून उंदीर काढला असं मी म्हटलं, पण उंदीर चांगला होता हे कबूल करायला हवं. याने दांडा कापून हातभर केला, टोक रंध्याने तासलं, आणि पातं गोणपाटात गुंडाळलं. चेहऱ्यावर असा आनंद मी बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. तो उठला, पातं सोडवून पुन्हा दांड्यावर चढवलं, परसात गेला, पाय फाकवून उभा राहिला आणि त्याने खोरं डोक्यावर उचललं.

मी ते वरच्या वर धरलं.

हातातून काढून घेतलं, मुलाच्या हातातून काडेपेटी काढावी तसं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग आत गेला आणि टीव्ही लावला. बंद होता तो टीव्ही, केबलचं काहीतरी झालं होतं, पण तो त्याच्यापुढे बसून राहिला. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेणं मला परवडत होतं. दुसरं काही झालं असतं तर ते परवडणारं नव्हतं.

शेवटी बेत ठरला दसऱ्याचा. चोपड्याचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. लाटंबार्श्याला माझ्या माहेरच्या काजूच्या बागेत, उतारावर, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला सपाट जागा आहे, तिथे तंबू ठोकायचा.

आता खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी आयुधं देवाजवळ पाटावर मांडतात. कोयता, विळी, कुऱ्हाड, माझी जुनी शिलाई मशीन, आणि यंदा नवं खोरं. याने ते घासूनपुसून, तेल लावून, हळद-कुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पाटाच्या मधोमध ठेवलं. दसऱ्याच्या दिवशी गाडी धुतली, तिलाही माळ घातली, चाकाखाली लिंबू चिरडलं. तंबू चढवला, जेवणाचा डबा, ताटं, पाणी, चटई सगळं चढवलं. मी म्हटलं, “खोरें घेयात.”

तो म्हणाला, “तें पुजेक बसलां.”

पूजेला बसलेल्या आयुधाला दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत हात लावायचा नाही, अशी त्याच्या घराण्याची रीत. लावला तर ते रुसतं आणि वेळेला दगा देतं. मी म्हटलं, अहो, ज्या वेळेसाठी ते घेतलं ती वेळ आजच येऊ शकते. तर म्हणाला, एका दिवसाने काय होतंय? इतके दिवस नेट पालथं घातलं, परसात खड्डे पाडले, आणि निघायच्या दिवशी खोरं देवाजवळ माळ घालून बसलेलं आणि आम्ही दोघं त्याच्याशिवाय गाडीत. मला हसू आलं आणि रागही आला. रागावून मी गाडी जरा जोरातच काढली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं मी म्हणणार नाही. लाटंबार्श्याच्या त्या वाटेवर, व्हाळाच्या अलीकडे, पावसाने माती उसवलेली होती आणि गवताने ती झाकलेली होती. ऊन उतरायला लागलं होतं. पुढचं डावं चाक आत गेलं, मी ॲक्सिलरेटर दाबला, ते आणखी आत गेलं. बॉनेटवरची झेंडूची माळ लाल चिखलाने माखली.

दोघेही उतरलो. त्याने चाकाकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. खोरं हा शब्द कुणीच उच्चारला नाही.

आसपास माणूस नाही. फोनला रेंज होती, कुणाला तरी बोलवता आलं असतं. मी फोन काढलाही. तो म्हणाला, “आपय, आपय. हांव थंय फातरार बसतां.” आणि खरंच जाऊन दगडावर बसला, हात मांडीवर ठेवून. अगदी त्या होडीवर बसला होता तसाच.

मी फोन परत ठेवला आणि डब्याच्या पिशवीतून स्टीलचं ताट काढलं.

चाकापुढची माती मी ताटाने काढली. उकिडवं बसून, आपल्याकडे ओढत. मऊ माती होती म्हणून निघाली. दगडावरून सूचना येत होत्या आणि त्या बरोबर होत्या, हे त्याहून वाईट. चाकापुढे उतार कर. गाडीच्या पोटाखालची काढ. मग तो दगडावरून उठला, काजूच्या वाळक्या फांद्या ओढून आणल्या, चाकाखाली घातल्या. मी पाहिलं, पण फांद्या हलक्या होत्या म्हणून सोडून दिलं.

मग त्याला स्टिअरिंगवर बसवलं. “मातशें धुकल,” म्हणजे जरा ढकल, म्हणाला, आणि मी मागून ढकललं. साठीतली मास्तरीण किती ढकलणार? गाडी हिंदकळली आणि परत बसली. दुसऱ्यांदा ढकललं, तेव्हा माझा पाय घसरून मी गुडघ्यावर आले. तो इंजिन बंद करून उतरला. माझ्याजवळ आला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

त्याचा अर्थ साधा होता. एकाने चालवायचं आणि एकाने ढकलायचं. आणि आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, “तुमकां कितें जालें जाल्यार?”

तो म्हणाला, “जाल्यार जातलें. आनी ना जाल्यार?”

काही झालं तर काय, हेच मी इतके महिने रोज धरून बसले होते. नाही झालं तर काय, तर मग हा माणूस अजून कितीतरी वर्षं माझ्यासमोर असाच, हात मांडीवर ठेवून, बंद टीव्हीपुढे बसणार, आणि त्याला तिथे मी बसवलेलं असणार. मी किल्ली घेतली.

आरशात तो दिसत होता. शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या, एका बाजूला उभा राहून खांदा लावला, पाय रोवले. छातीवरच्या टाक्यांची रेघ मला शर्टातून दिसते असं वाटलं. दिसत नव्हती. मी देवाचं नाव घेतलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

गाडीने उसळी मारली, फांद्या कडाडल्या, आणि आम्ही बाहेर. मी आरशात बघितलं तर तो नाही.

ब्रेक मारला, दार उघडं टाकून धावले. तो चिखलात उताणा पडला होता, हातपाय पसरून, तोंडावर लाल माती. मी त्याच्याशेजारी बसले आणि विचारायचंही सुचलं नाही, सरळ कान त्याच्या छातीला लावला. आत धडधड, धडधड, घोडं दौडावं तशी. पण एकसारखी.

“वाजता मगे?” तो म्हणाला. त्याचं पोट हलत होतं. हसत होता.

मला रडू आलं. माझ्या कानाला, केसांना चिखल, आणि मी त्या चिखलात बसून भोकाड पसरलं. त्याने मला रडू दिलं. मग स्वतःच कोपरावर उठून बसला, पाठ पुसायचा प्रयत्न केला, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला. मीही वळून पाहिलं. घाईत मी हँडब्रेक ओढला नव्हता. गाडी आपली आपण उतारावरून थोडी पुढे सरकली होती आणि आता तिचं दुसरं चाक, उजवं, पुढच्या खड्ड्यात जाऊन बसलं होतं.

तो माझ्याकडे बघायला लागला. वाट बघत राहिला. मी डोळे पुसले, पदर खोचला, गाडीपाशी गेले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या व्हाळाला ऐकू जाईल असं म्हटलं, “आतां मातशें जोरान धुकलात.”